बुंदीचा अडथळ्यांचा सराव: मुलुंडमधील घर आणि गच्ची, प्रकल्प नोंदी

10 नोव्हेंबर 2024, रविवार

दिवाळीच्या फटाक्यांचा जोर ओसरला असून आमची कुत्री बुंदी पलंगाखालून बाहेर येऊन नेहमीच्या वेळी जेवू लागली आहे, तेव्हा बरेच दिवस मनात असलेला डॉग अ‍ॅजिलिटीचा, म्हणजे कुत्र्याने माणसाच्या इशाऱ्यावर अडथळे पार करण्याच्या खेळाचा, घरगुती सराव आता हाती घेण्याचे ठरवले. स्पर्धेत उतरण्याचा विचार नाही. बुंदी देशी कुत्री आहे, रस्त्यावरून घरी आलेली, वय अंदाजे अडीच वर्षे, खांद्यापर्यंत उंची 47 सेंमी आणि वजन 16 किलो. सकाळ-संध्याकाळ फिरवूनही तिच्या अंगात बरीच शक्ती उरते आणि ती सोफ्याच्या फोमवर खर्च होते, हे या प्रकल्पामागचे खरे कारण आहे.

जागा तीन प्रकारची उपलब्ध आहे. हॉल साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद आहे, त्याला लागून एक अरुंद पॅसेज आहे आणि परवानगी मिळाल्यास सोसायटीची गच्ची आहे. टेकडीच्या बाजूच्या मोकळ्या जागेचा विचार सुरुवातीलाच बाद केला, कारण मुलुंडच्या या कडेला राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते, तेथील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे आणि आम्हाला सोयीची असलेली पहाटेची वेळ त्यांनाही सोयीची असते.

या खेळातील प्रचलित अडथळ्यांपैकी उडीचे दांडे, बोगदा, विव्ह पोल (नागमोडी जाण्यासाठी ओळीत उभे केलेले खांब) आणि थांबण्याचा ओटा एवढेच घ्यायचे आहेत. ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा त्रिकोणी चढ), डॉग वॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि सी-सॉ हे तिन्ही वगळले. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या, म्हणजे एफसीआयच्या, मापानुसार ए-फ्रेमचे शिखर 1.70 मीटरवर असते आणि डॉग वॉकची फळी 1.20 ते 1.30 मीटर उंचीवरून जाते. त्यासाठी लागणारी भक्कम बांधणी, खरबरीत पृष्ठभाग आणि खाली मऊ जमीन यांपैकी एकही गोष्ट आमच्याकडे नाही. घरी ठोकलेल्या फळीवरून काँक्रीटवर पडणारे कुत्रे मला पाहायचे नाही. ओट्यासाठी घरातील जुना चौरंग वापरण्याचा प्रस्ताव सासूबाईंनी तत्काळ फेटाळला आणि त्याऐवजी माळ्यावरचा एक पाट काढून दिला. पाट जमिनीपासून जेमतेम चार बोटे उंच आहे, आणि या कामाला तेवढी उंची पुरेशी आहे.

16 नोव्हेंबर 2024, शनिवार

साहित्य आणण्यापूर्वी पशुवैद्यांकडून तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी बुंदीचे मागचे गुडघे, कंबर, कोपर आणि खांदे हलवून पाहिले, तिला चालवून आणि दुडक्या चालीने पळवून पाहिले आणि फासळ्या हाताला सहज लागतात याची खात्री केली. वजन थोडे जरी जास्त असले तरी उडीनंतरचा भार आधी पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो, त्यामुळे उड्या मारून वजन उतरवू नये, वजन उतरवून मग उड्या माराव्यात, असे त्यांचे म्हणणे पडले. बुंदीच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

वयाची बाब मात्र इतरांसाठीही नोंदवण्यासारखी आहे. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या पूर्ण मिटायला लहान जातींमध्ये साधारण वर्षभर लागते आणि मोठ्या जातींमध्ये दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक. तोपर्यंत वारंवार उड्या आणि तीव्र वळणे टाळावीत. एफसीआयच्या स्पर्धेत 18 महिन्यांखालील कुत्र्याला प्रवेश नसतो. पिल्लाबरोबर बोगदा, जमिनीवरचे दांडे आणि माणसाच्या बाजूने धावणे हे सर्व करता येते. उंची तेवढी थांबू शकते.

नखे कापून घेतली. लांब नखांमुळे पंजा मागे कलतो आणि गुळगुळीत फरशीवर पकड आणखी कमी होते, म्हणून हे काम आता वेळेवर करायचे आहे. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना चालू आहे.

24 नोव्हेंबर 2024, रविवार

आजचा दिवस फरशीसाठी दिला. मुंबईतील बहुतेक नव्या आणि नूतनीकरण केलेल्या घरांप्रमाणे आमच्या हॉलमध्येही व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, आणि ओल्या फडक्याने पुसल्यावर माणसेही त्यांवर जपून चालतात. बुंदीला दुडक्या चालीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोलावून मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण केले. नुसत्या डोळ्यांना ती व्यवस्थित पळताना दिसते. चित्रीकरणात मात्र प्रत्येक वळणावर मागचे पाय बाहेरच्या बाजूला घसरतात, बोटे फाकतात आणि पाठीचा मागचा भाग खाली बसतो. कुत्र्याला पळताना मिळणारा मुख्य जोर मागच्या पायांतून येतो. तो पाय जमिनीवर टिकत नसेल तर कुत्रे दोनपैकी एक गोष्ट करते: वेग कमी करते किंवा शरीर आखडून घेते. दोन्हींचा अर्थ आपण पुष्कळदा ‘तिला आवडत नाही’ असा लावतो.

तीन प्रकारचे अंथरूण तपासले. योगासनांची चटई कुत्र्याला पकड देते, परंतु ती स्वतःच टाइलवरून सरकते आणि नखांनी फाटते. काथ्याची पायपुसणी जागेवर राहतात, पण वळताना पंजांच्या गादीला घासतात. मुलांच्या खोलीत घालतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन सर्वांत सोयीचे वाटले होते, परंतु वळणाच्या जोरात त्यांचे सांधे उघडतात आणि पातळ फोम पायाखाली दबून अस्थिर होतो. शेवटी खालून रबर असलेली, कमी लव असलेली लांब पट्टी निवडली, जी लोक पॅसेजमध्ये घालतात. अशा दोन पट्ट्या हॉलमध्ये समांतर आणि एक आडवी घातल्यावर त्यांवर बुंदीला पळवून चित्रीकरण पुन्हा केले, तेव्हा बुंदीचे पाऊल लांब पडताना स्पष्ट दिसले. तिचा चेहराही वेगळा होता, पण ते मोजता येत नाही.

यावरून नियम केला आहे की पट्टीच्या बाहेर कोणताही सराव होणार नाही आणि घराच्या आत दांडा बुंदीच्या पुढच्या पायाच्या मनगटापेक्षा वर जाणार नाही. अ‍ॅजिलिटी घरी सुरू करणारे बहुतेक जण आधी दांडे आणि बोगदा विकत घेतात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पहिला खर्च जमिनीवर करावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

1 डिसेंबर 2024, रविवार

बक्षिसाची पद्धत ठरवली. बुंदीने अपेक्षित कृती केली की त्याच क्षणी जिभेने ‘टक’ असा आवाज करायचा आणि त्यानंतर खाऊ द्यायचा. क्लिकर नावाचे छोटे उपकरण याच कामासाठी मिळते, परंतु धावताना एका हातात खाऊ, दुसऱ्या हाताने इशारा आणि तिसऱ्या हाताची सोय नाही, म्हणून जीभ बरी. आवाजाचा अर्थ तिला कळावा म्हणून सुरुवातीला काहीही न मागता आवाज आणि लगेच खाऊ अशी जोडी बसवली. आता आवाज झाला की तिचे कान फिरतात.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे आणि कलेजीचे वाटाण्याएवढे तुकडे वापरत आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वमान्य संकेत आहे, त्यामुळे सरावाच्या दिवशी रात्रीच्या जेवणातून तेवढा भाग कमी करते. घरातील मंडळींना नकाराची यादी फ्रिजवर लावून दिली: चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि बेदाणे. शेवटच्या बाबीवर थोडी चर्चा झाली, कारण सत्यनारायणाच्या शिऱ्यातील बेदाणा बुंदीला आजवर प्रेमाने मिळत आला होता. “अगं, एवढ्याशा प्रसादाने काय होतंय?” असे सासूबाईंनी विचारले, द्राक्ष आणि बेदाणा यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती प्रमाण सुरक्षित हे आधी सांगता येत नाही, हे डॉक्टरांकडूनच फोनवर ऐकवल्यावर त्यांनी प्रसादाचा तिचा वाटा बेदाणे काढून वेगळा ठेवण्याचे मान्य केले.

खाऊ कोठे पडतो याला खाऊ काय आहे याइतकेच महत्त्व आहे. हातातून दिल्यास कुत्रे अडथळा पार करून लगेच माणसाच्या हाताकडे वळते आणि पुढे बघणे सोडते. म्हणून खाऊ तिच्या पुढे, जाण्याच्या दिशेने, पट्टीवर टाकायचा. पाटावर थांबण्याच्या सरावात मात्र तो पुढच्या दोन पंजांच्या मधोमध ठेवायचा, कारण तेथे आपल्याला तिने पुढे जायला नको आहे.

8 डिसेंबर 2024, रविवार

या आठवड्यात एकही अडथळा न वापरता केवळ बरोबर चालणे, धावणे आणि वळणे यांचा सराव केला, आणि या प्रकल्पाचा गाभा येथेच असल्याची माझी खात्री पटत चालली आहे.

या खेळाचा उगम त्यासाठी लक्षात घेण्यासारखा आहे. लंडनमधील क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात 1978 साली मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांचे मन रमावे म्हणून समितीचे सदस्य जॉन व्हार्ली यांनी प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्या मदतीने कुत्र्यांसाठी अडथळ्यांची एक शर्यत मांडली. नमुना घोड्यांच्या शो-जंपिंगचा होता. प्रेक्षकांना ती इतकी आवडली की 1980 मध्ये ब्रिटिश केनेल क्लबने हा खेळ मान्य केला. घोड्यांच्या शर्यतीत स्वार पाठीवर असतो आणि लगाम, टाच आणि स्वतःचे वजन यांनी दिशा सांगतो. येथे स्वार खाली उतरला आहे आणि त्याच्या हाती काहीच नाही; स्पर्धेत धावताना कुत्र्याला दोरी लावलेली नसते आणि माणसाने कुत्र्याला वा अडथळ्याला स्पर्श करायचा नसतो. उरते ते त्याचे शरीर आणि आवाज.

बुंदी यांपैकी कशाला मानते हे तपासण्यासाठी हॉलच्या मध्यभागी उलटी बादली ठेवली आणि तिला बादलीभोवती वळवण्याचा सराव घेतला. तोंडाने एक दिशा आणि पावलांनी दुसरी दिशा दाखवली असता ती प्रत्येक वेळी पावलांच्या बाजूने गेली. हाताचा इशारा आणि खांद्यांची दिशा यांत विरोध असेल तर ती क्षणभर घुटमळते आणि मग खांद्यांचे ऐकते. आवाज तिच्या लेखी तिसऱ्या क्रमांकावर आहे. म्हणजे ‘इकडे, इकडे’ असे ओरडत दुसरीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचे कुत्रे जेव्हा चुकते, तेव्हा ते बहुधा नीट ऐकत असते. फक्त तोंडाचे नाही.

तीन हालचाली पक्क्या करीत आहे. पहिली म्हणजे वेग कमी करणे: मी आखूड पावले टाकत थांबू लागले की वळण येणार, हे तिला कळले पाहिजे, म्हणजे ती उडीच्या आधीच शरीर गोळा करील. दुसरी फ्रंट क्रॉस, ज्यात कुत्र्याच्या पुढे राहून, त्याच्याकडे तोंड करून फिरायचे आणि ते आपल्या दुसऱ्या बाजूला येईल असे पाहायचे. तिसरी रिअर क्रॉस, ज्यात कुत्रे पुढे असताना त्याच्या मागून बाजू बदलायची. फ्रंट क्रॉस उशिरा झाला तर आपण कुत्र्याच्या वाटेत येतो. त्यामुळे तो आधी बुंदीविना करून पाहिला. रिकाम्या हॉलमध्ये अदृश्य कुत्र्याभोवती गिरक्या घेणारी गृहिणी हे दृश्य समोरच्या इमारतीतील काकांनी खिडकीतून शांतपणे पाहिले आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये “वहिनी, फुगडीची तयारी का?” असे विचारले.

बुंदी उजवीकडे सहज आणि घट्ट वळते, डावीकडे मोठा वळसा घेते. माणसांप्रमाणे कुत्र्यांमध्येही बाजूची पसंती आढळते, त्यामुळे काळजीचे कारण नाही, परंतु सरावाची सुरुवात डाव्या वळणाने करायची आहे, कारण त्या वेळी ती ताजी असते.

15 डिसेंबर 2024, रविवार

उडीचे दांडे घरीच तयार केले. रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पाऊण इंची पीव्हीसी पाइप, टी, एल्बो आणि एंड कॅप आणले. पाइप दुकानदाराने तेथेच करवतीने कापून दिला, म्हणून तो रिक्षात बसला. प्रत्येक बाजूला जमिनीवर आडवा पाया, त्यात टी आणि टीमध्ये उभा पाइप, अशी रचना केली. सॉल्व्हंट कोठेही लावलेले नाही, सांधे नुसते दाबून बसवले आहेत, त्यामुळे सर्व काही सुटे करून पलंगाच्या खणात राहते. स्पर्धेतील दांडा सव्वा मीटरच्या आसपास लांब असतो. आमचा 90 सेंमी आहे.

दांडा टेकवण्यासाठी मोठ्या पाइपचे उभे चिरलेले अर्धगोल तुकडे उभ्या खांबांवर बसवले. येथे एकच गोष्ट तडजोडीपलीकडची आहे: पाय लागताच दांडा खाली पडला पाहिजे आणि तो दोन्ही बाजूंना पडला पाहिजे. पाइप भोकात घालून किंवा दोरीने बांधून केलेला अडथळा कुत्र्याचा पाय अडकवतो. अर्धगोल तुकडे खोल वाटल्याने कानशीने घासून उथळ केले आणि झाडूच्या टोकाने ढकलून खात्री केली.

रंगाचा विचारही करावा लागला. कुत्र्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्यांना चांगला वेगळा दिसतो, तांबडा आणि हिरवा मात्र एकमेकांत मिसळतात. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझेकचे तुकडे आहेत, म्हणजे पांढरा पाइप तेथे जवळजवळ नाहीसा होणार. म्हणून दांड्यांवर निळ्या आणि पिवळ्या इन्शुलेशन टेपचे आळीपाळीने पट्टे मारले.

29 डिसेंबर 2024, रविवार

दांडे अजून उडीसाठी नाहीत. पट्टीवर ते एकापुढे एक आडवे ठेवून त्यांवरून बुंदीला दुडक्या चालीने नेत आहे. याला कॅव्हलेटी म्हणतात आणि हाही घोड्यांच्या प्रशिक्षणातून आलेला प्रकार आहे. दोन दांड्यांमधील अंतर साधारणपणे कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढे घेऊन सुरुवात करायची आणि मग त्याच्या पावलाप्रमाणे कमी-जास्त करायचे; बुंदीला 50 सेंमी मानवले. कुत्र्यांना पुढच्या पायांचे भान उत्तम असते, मागचे पाय त्यांच्या हिशेबी आपोआप मागून येतात. या सरावात मागचा प्रत्येक पाय उचलून नेमका टाकावा लागतो. आता दांड्याला मागच्या पायाचा खडखडाट क्वचितच होतो. खाली राहणाऱ्यांच्या दृष्टीनेही ही चांगली बातमी आहे.

5 जानेवारी 2025, रविवार

बोगद्याचे काम अपेक्षेपेक्षा सोपे गेले. स्पर्धेतील बोगद्याचा व्यास 60 सेंमी असतो. आमचा मुलांच्या खेळण्यातला आहे आणि त्याचा व्यास जेमतेम 46 सेंमी आहे, त्यामुळे बुंदीला मान आणि कंबर थोडी वाकवावी लागते. संथ वेगासाठी तो चालेल, सुसाट धावण्यासाठी नाही. नायलॉनचे कापड चुरचुरते, म्हणून आधी जेवणाच्या खुर्च्यांवर चादर टाकून तिला खालून ये-जा करू दिली. मग खरा बोगदा पूर्ण दाबून, केवळ एका कड्याएवढा जाड करून उभा धरला आणि ती त्यातून सहज जाऊ लागल्यावर थोडा थोडा लांबवला. दोन्ही बाजूंना वाळू भरलेल्या पिशव्या टेकवल्या आहेत, कारण आत कुत्रे असताना लोळणारा बोगदा पुन्हा विश्वास संपादन करू शकत नाही.

14 जानेवारी 2025, मंगळवार

संक्रांत. गच्चीवर पतंग असल्याने काम बंद. पुढचा आठवडाभर गच्चीवर जाण्यापूर्वी मांजाचे तुकडे झाडून काढायचे आहेत, विशेषतः पाण्याच्या टाकीमागे आणि पाइपांच्या खाली. नायलॉनचा मांजा बंदी असूनही सापडतोच, आणि तो पंजाच्या बोटांमध्ये शिरला तर खोलवर कापतो.

26 जानेवारी 2025, रविवार

ध्वजवंदनानंतर कमिटीची मंडळी एकत्र भेटली, तेव्हा गच्चीचा विषय मिटवला. परवानगी सकाळी साडेसहा ते सव्वासात या वेळेसाठी मिळाली असून, साहित्य रोज खाली न्यावे, दार लावून घ्यावे आणि वरच्या मजल्यावरील घरांवर पळापळ होऊ नये, अशा अटी आहेत. त्या वाजवी आहेत. शेवटच्या अटीमुळे सराव जिन्याच्या आणि टाकीच्या वरच्या भागापुरता मर्यादित होतो, जेथे खाली कोणाचे घर नाही. कठडा छातीपर्यंत उंच आहे, तरी त्याच्या दिशेने जाणारी एकही उडी मांडायची नाही असे ठरवले.

चायना मोझेक खडबडीत दिसतो, परंतु दव पडल्यावर निसरडा होतो. रबरी पट्ट्या वर नेल्या.

2 फेब्रुवारी 2025, रविवार

पहिल्या उड्या. एफसीआयच्या 2023 पासूनच्या वर्गवारीत 43 ते 48 सेंमीच्या आतील कुत्री इंटरमीजिएट गटात येतात आणि त्यांच्यासाठी दांडा 45 ते 50 सेंमीवर असतो. म्हणजे नियमाप्रमाणे बुंदीने आपल्या खांद्याएवढी उडी मारायला हवी. ती मारू शकेल यात शंका नाही. सोसायटीच्या गेटवरून ती पूर्वी याहून उंच गेलेली आहे. परंतु ते मैदान गवताचे किंवा कृत्रिम हिरवळीचे असते आणि आमच्या पट्टीखाली काँक्रीट आहे. आम्ही 15 सेंमीपासून सुरुवात केली असून 25 ही कमाल मर्यादा राहील.

कमी उंचीचा एक फायदा आजच दिसला. दांडा खाली असल्याने तिला उडीची भीती किंवा उत्साह यांपैकी काहीच चढत नाही आणि तिचे लक्ष माझ्या पावलांवर राहते. डिसेंबरमध्ये हॉलमध्ये केलेला फ्रंट क्रॉस दोन दांड्यांच्या मध्ये जसाच्या तसा लागू पडला. डाव्या वळणावर ती अजून लांबून येते.

16 फेब्रुवारी 2025, रविवार

विव्ह पोल हा या खेळातील एकमेव अडथळा आहे जो कुत्र्याला स्वभावतः काहीच सुचवत नाही. दांडा दिसला तर उडी, बोगदा दिसला तर शिरणे, हे त्याला समजते; ओळीत उभ्या खांबांमधून नागमोडी जाण्याचे त्याच्या दृष्टीने कारण नसते. स्पर्धेत 60 सेंमी अंतरावर 12 खांब असतात आणि पहिला खांब नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यावा लागतो. आम्ही सहाच घेतले.

गच्चीत खांब रोवता येत नाहीत, आणि पीव्हीसीचा गोल पाया जमिनीवर राहिला तर कुत्र्याचे पाऊल त्याच्यावर पडते. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन सपाट लोखंडी पट्ट्यांवर 120 सेंमी अंतराने सळईचे बोटभर तुकडे वेल्ड करून घेतले आणि त्यांवर पाइप उभे केले. एका पट्टीवर विषम क्रमांकांचे खांब, दुसऱ्या पट्टीवर सम क्रमांकांचे. पट्ट्या एकमेकींपासून दूर ठेवल्या की मध्ये सरळ गल्ली तयार होते आणि कुत्रे तिच्यातून नुसते धावते; पट्ट्या रोज थोड्या जवळ आणल्या की धावता धावता त्याचे शरीर आपोआप डावी-उजवीकडे वळू लागते. पूर्ण जवळ आल्यावर खांब एका ओळीत येतात आणि अंतर बरोबर 60 सेंमी होते. ही पद्धत संथ आहे, परंतु खाऊ नाकापुढे धरून ओढत नेण्यापेक्षा चांगली आहे, कारण ओढलेले कुत्रे हात पाहायला शिकते, खांब नाही.

पाठीच्या कण्याला या अडथळ्यात वारंवार पीळ बसतो, म्हणून तो एका दिवसाआड आणि अगदी थोडा वेळ घ्यायचा.

23 फेब्रुवारी 2025, रविवार

थंडी म्हणण्याजोगी जी काही होती ती संपली. सकाळी सात वाजताच हवा चिकट होते, आणि कुत्र्याच्या दृष्टीने हा दमटपणा तापमानाइतकाच महत्त्वाचा आहे. कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांच्या गादीतून येतो आणि तो नाममात्र असतो. शरीराची उष्णता ते धापा टाकून, जीभ आणि श्वासमार्ग यांवरील ओलावा उडवून बाहेर टाकते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर तो ओलावा उडत नाही. त्यामुळे कोरड्या गावी जे तापमान सहन होते ते मुंबईत होईलच असे नाही. बुंदीसारख्या लांब तोंडाच्या कुत्र्याला निदान यंत्रणा पूर्ण मिळालेली असते. चपट्या तोंडाच्या पगने येथील मार्चमध्ये हा खेळ गच्चीवर खेळू नये.

कुत्र्याचे सामान्य तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. थांबण्याच्या खुणा लिहून जिन्याच्या दाराशी लावल्या: जिभेचे टोक रुंद होऊन चमच्यासारखे वळणे, लाळ घट्ट होणे, हिरड्या गडद लाल दिसणे आणि आवडता खाऊ नाकारणे. पहिल्या खुणेलाच सराव संपवायचा. त्यापुढे गेल्यास अंगावर साधे पाणी ओतून पंख्याखाली ठेवायचे आणि डॉक्टरांना फोन करून लगेच निघायचे. फरशी तपासण्यासाठी हाताची मागची बाजू तिच्यावर सात सेकंद ठेवते. ठेववली नाही तर पंजेही ठेवायचे नाहीत.

9 मार्च 2025, रविवार

आज प्रथमच सर्व अडथळे जोडले: बोगदा, दोन दांडे, खांबांची गल्ली आणि शेवटी पाट. स्पर्धेच्या मार्गात 15 ते 22 अडथळे असतात आणि दोन अडथळ्यांमध्ये पाच ते सात मीटर अंतर असते. आमच्याकडे निम्मेही अंतर नाही. त्यामुळे येथे वेग साधत नाही आणि साधण्याचा प्रयत्नही करू नये. आखूड जागेत कुत्र्याने वेग घेतला की तो वेग पुढच्याच पावलाला सांध्यांनी थोपवावा लागतो. आमच्या वाट्याला वळणांचा खेळ आला आहे. मला तो अधिक आवडू लागला आहे, कारण त्यात माझेही काम आहे.

मार्ग आधी एकटीने चालून पाहिला आणि बाजू कोठे बदलायची ते खडूने आखले. दुसऱ्या दांड्यानंतर मी खांबांकडे पाहत होते, परंतु पाऊल पाटाकडे पडले. बुंदी थेट पाटावर जाऊन बसली आणि मला नवल वाटले नाही. पुढच्या फेरीत पाऊल दुरुस्त केल्यावर ती खांबांत शिरली. खांबांची गल्ली अजून वितीएवढी उघडी आहे, ती घाईने मिटवणार नाही.

भाच्याने वेळ मोजण्यासाठी मोबाइल काढला होता. त्याला चित्रीकरणावर बसवले, कारण पायांचे चित्रीकरण उपयोगी पडते आणि सेकंदांचे काही करता येत नाही.

30 मार्च 2025, रविवार

पाडव्याची गुढी उभारण्यापूर्वी गच्चीवरचा या हंगामातील शेवटचा सराव झाला. ऊन सहन होण्याची वेळ आता अर्ध्या तासावर आली आहे. पावसाळ्यात मोझेकवर शेवाळ धरते, म्हणून गच्ची थेट ऑक्टोबरनंतरच. पाइप उन्हात ठिसूळ होतात, ते पुसून घरात आणले. लोखंडी पट्ट्यांना रेड ऑक्साइड लावायचे आहे.

पावसाळ्यापूर्वी लेप्टोस्पायरोसिसच्या वार्षिक लसीची तारीख घेतली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून हा आजार कुत्र्यांना आणि माणसांनाही होतो, आणि जुलैमध्ये आमच्या रस्त्यावर असे पाणी टाळून फिरणे शक्य नसते.

जून ते सप्टेंबर काम हॉलमध्ये चालेल: पट्ट्यांवर कॅव्हलेटी, पाटावर मागचे पाय ठेवून पुढच्या पायांनी फिरणे आणि बादलीभोवती वळणे. परवाच्या चित्रीकरणात डावीकडचा वळसा उजवीकडच्यापेक्षा अजूनही साधारण एका फरशीने मोठा दिसतो, आणि त्या वेळी माझा डावा खांदा उशिरा फिरतो आहे. बादली त्यामुळे हॉलच्या उजव्या भिंतीकडे सरकवली आहे, म्हणजे मला डाव्या बाजूने हलायला पुरेशी जागा मिळेल.